दाखला मागणारा मुलगा आणि रात्री दोनचा प्रश्न

ताई, मी परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. आमच्या वॉर्डात नाना देशांची माणसं येतात आणि बरीचशी इथेच जातात. मध्यंतरी एकाच रात्री दोन मृत्यू झाले. एका बाईंच्या लेकीसुनांनी असा आक्रोश मांडला की शेजारच्या खोल्यांतले पेशंट घाबरून उठून बसले. दुसऱ्या खोलीतल्या गृहस्थांचा मुलगा आला, वडिलांच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच विचारतो कसा, "मृत्यूचा दाखला किती वाजेपर्यंत मिळेल?" डोळ्यांत टिपूस नाही. माझी सहकारी म्हणाली, "दगड आहे नुसता." खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

तिसरी गोष्ट अजून चालू आहे. एका आजोबांना कॅन्सर आहे, फार दिवस उरलेले नाहीत. मुलीने बजावून ठेवलंय, "बाबांना काही कळता कामा नये, आमच्याकडे असं सांगत नाहीत." आणि आजोबा रात्री दोन वाजता मला विचारतात, "सिस्टर, मी घरी जाईन ना?" मी विषय बदलते.

आमच्या इन्चार्जचं म्हणणं, कुठल्या धर्माच्या लोकांशी मरणाच्या वेळी कसं वागायचं याचा एक तक्ता करून भिंतीवर लावू. ते काम माझ्या गळ्यात पडलंय. असा तक्ता कुठे मिळेल? आणि आजोबांना काय सांगू?

– रात्रपाळीतली सिस्टर

सिस्टर,

तक्त्यापासून सुरुवात करते, कारण तो तुम्हाला करावाच लागणार आहे.

जरूर करा. पण त्यात शरीराविषयी लिहा, मनाविषयी नको. माणूस गेला की नर्सचे हात सवयीने चालू लागतात. नळ्या काढा, अंग पुसा, चादर गुंडाळा, शवागाराला फोन करा. या सवयीपायी नकळत एखाद्या घराचं मन कायमचं दुखावलं जातं, आणि ते टाळायला एक कागद खरोखर पुरतो. मुसलमान कुटुंबात मृत पुरुषाला पुरुष आणि बाईला बायका विधीपूर्वक अंघोळ घालतात, तेव्हा ते काम त्यांच्यासाठी ठेवा. सनातनी ज्यू घरांत मृताला दफनापर्यंत एकटं सोडत नाहीत, आणि अंगावर सांडलेलं रक्तही शरीराबरोबर पुरायचं असतं. रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग न विचारता कचऱ्यात टाकू नका. तिबेटी बौद्धांच्या मते श्वास थांबला तरी जाणीव शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून त्यांना शरीर लगेच हलवलेलं नको असतं. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत डोकं पवित्र मानतात. डोक्याखालची उशी पायाखाली गेलेली त्यांना खपत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ उच्चारत नाहीत. तिथे टीव्हीवर मृतांची चित्रं किंवा नावं येणार असली की आधी सूचना देतात. कॉरिडॉरमध्ये उभं राहून "अमुक अमुक यांचे नातेवाईक कोण?" असं ओरडायची आपल्याकडच्या वॉर्डांना सवय असते. तिथे ती भोवते.

एवढं कागदावर मावतं. कोण रडेल, कोण गप्प राहील, कोणाला खरं सांगायचं आणि कोणाला नाही, हे लिहायला बसलात की तक्ता खोटं बोलायला लागतो.

का, ते सांगते. उनी विकान या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञ. आधी त्यांनी कैरोच्या गरीब वस्तीत राहून काम केलं, नंतर उत्तर बालीत. बालीत बहुसंख्य हिंदू असले तरी मुसलमानही आहेत, आणि विकान बाईंनी १९८८ मध्ये कैरोतल्या आणि बालीतल्या मुसलमान घरांची तुलना मांडली. धर्म एक, ग्रंथ एक, दफनाची रीत जवळजवळ एक. पण कैरोत मूल गेलेली आई महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, स्वतःला मिटून बसते, तेच तेच पुन्हा सांगते, आणि भोवतीच्या बायका तिच्याबरोबर रडतात. तिला कुणी "आता पुरे" म्हणत नाही, कारण दुःख आत दाबलं तर माणूस आजारी पडतो अशी तिथली समजूत. बालीत उलट. तिथे शेजारपाजारचे येतात ते चेष्टामस्करी करतात, शोकात असलेल्या बाईला हसवतात, आणि तीही चेहरा उजळ ठेवायची धडपड करते. रडण्याने मन दुबळं होतं, दुःख दुसऱ्यांना लागतं, आणि गेलेल्याच्या आत्म्यालाही त्रास होतो असं ते मानतात. म्हणजे आजारी पडण्याची भीती दोन्हीकडे तीच. एकीकडे न रडल्यामुळे, दुसरीकडे रडल्यामुळे.

आता तुमच्या तक्त्यात 'मुसलमान' या रकान्यापुढे काय लिहाल? धर्मशास्त्राचं पुस्तक उघडलंत तर तिसरंच मिळेल: छाती पिटून आक्रोश करू नये, पण डोळ्यांतलं पाणी चालतं. पैगंबर मुहंमद यांचा लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ही हकिकत हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहातच आहे. तो नियम माहीत असूनही कैरोतल्या बायका आक्रोश करतात, आणि बालीतल्या हसतात. ख्रिश्चनांच्या रकान्यातही हेच होईल. ग्रीसच्या मानी भागात बायका मृताभोवती बसून शोकगीतं रचत रचत गातात. न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय समाजाची अंत्ययात्रा स्मशानापर्यंत संथ सुरात जाते आणि परतताना तोच बँड नाचायला लावणारं वाजवतो. आणि इंग्लंडमधल्या एखाद्या घरी सगळे खाली बघून हलक्या आवाजात चहा पीत असतात. तिघांच्या हातात बायबल एकच.

आता तो दाखला मागणारा मुलगा. त्याचा धर्म तुम्ही लिहिला नाहीत, आणि मी तर्क लढवत नाही. पण ज्यू आणि मुसलमान, दोन्ही परंपरांत दफन होता होईल तेवढं लवकर करायचं असतं, जमलं तर त्याच दिवशी. डॉक्टरची सही झाल्याशिवाय दाखला नाही, दाखल्याशिवाय नोंदणी नाही, नोंदणीशिवाय दफनभूमीत जागा नाही. त्यात ज्यू घर असेल आणि दिवस शुक्रवारचा असेल, तर संध्याकाळी सब्बाथ, म्हणजे त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस लागतो. त्या दिवशी दफन होत नाही, म्हणजे दुपार हुकली तर सगळं रविवारवर गेलं. कपाळावर हात ठेवलेल्या त्या मुलाच्या डोक्यात हे गणित चालू असू शकतं. ज्यू परंपरेत तर दफन होईपर्यंत अशा मुलाला रोजच्या प्रार्थनेतूनही सूट असते, कारण त्या घडीला त्याचं एकच काम, बापाला मातीपर्यंत पोचवणं. शोक त्यानंतर सुरू होतो: सात दिवस घरात ठेंगण्या आसनावर बसून, मग तीस दिवसांपर्यंत, आणि आईवडिलांसाठी अकरा महिने रोज कद्दिश ही प्रार्थना म्हणून. तुमच्या सहकारी सिस्टरने त्याला दगड ठरवलं तेव्हा त्याच्या शोकाला परवानगीच मिळालेली नव्हती, असंही असेल.

किंवा तो स्वभावानेच अबोल असेल. किंवा बापाशी त्याचं कधी पटलं नसेल. तेही असतं, आणि ते कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही.

न रडणाऱ्यांबद्दल एक दृश्य सांगते. जपानमध्ये जवळजवळ सगळ्यांचं दहन होतं. दहनानंतर घरची माणसं अस्थींच्या थाळीभोवती उभी राहतात आणि लांब काड्यांनी हाडं उचलून अस्थिकलशात ठेवतात. एकच हाड दोघांनी मिळून उचलायचं, किंवा एकाच्या काड्यांवरून दुसऱ्याच्या काड्यांवर द्यायचं. सुरुवात पायांच्या हाडांपासून, मग वर वर, म्हणजे कलशातही माणूस सरळ राहतो, डोकं खाली होत नाही. शेवटी मानेतला एक मणका ठेवतात. त्याचा आकार ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखा दिसतो म्हणून तो जपून उचलायचा. याच रीतीमुळे जपानी घरात जेवताना एकाच्या काड्यांवरून दुसऱ्याच्या काड्यांवर घास देणं अशुभ मानतात. वॉर्डात तुमच्यासमोर नुसती मान लववून आभार मानणारी जपानी मुलगी दोन दिवसांनी आईची हाडं स्वतः उचलणार असते. तिच्या डोळ्यांत पाणी का नाही म्हणून केस पेपरवर काहीबाही शेरे मारू नका.

शेऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, "तो नकाराच्या अवस्थेत आहे" हे वाक्यही हँडओव्हरमधून हद्दपार करा. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या पाच पायऱ्या मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या अमेरिकेतल्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख मोजायची फूटपट्टी म्हणून नाही. जगभरच्या माणसांनी त्याच जिन्याने चढावं अशी अपेक्षा धरणं हा मला शुद्ध आळस वाटतो.

आक्रोश करणाऱ्या बायकांचं काय? शेजारच्या पेशंटची झोप हाही खरा प्रश्न आहे, तो मी उडवून लावत नाही. पण त्या आक्रोशाला घडण असते. आयर्लंडमध्ये पूर्वी त्यात मुरलेल्या बायका असत, त्यांना मुद्दाम बोलावत. एकीने सूर उचलायचा, बाकीच्यांनी साथ धरायची, गेलेल्याचे गुण गायचे, तो सोडून गेला म्हणून त्याच्याशी भांडायचं, आणि मग ओसरायचं. मध्येच कुणी "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत आडवं आलं की ते अर्धवट तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तेव्हा दार लावून घ्या, चार खुर्च्या आणि पाणी द्या, शेजारच्या खोल्यांत जाऊन दोन वाक्यांत सांगा की काय झालंय. बहुतेक पेशंट कारण कळलं की घाबरत नाहीत. आक्रोश करणाऱ्यांतल्या एखाद्या वयस्क बाईला विचारा, "अजून कुणी यायचंय का? किती वेळ द्यायला हवा?" तिला अंदाज असतो. आणि कुणाला गप्प करायला झोपेचं इंजेक्शन नाही, जोवर तीच मागत नाही.

काही जण रडत नाहीत, गप्पही बसत नाहीत. ते तुमच्यावर धावून येतात. रेनाटो रोझाल्डो नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फिलिपिन्सच्या इलोंगोट लोकांत काम करत. ही माणसं एकेकाळी शत्रूचं मुंडकं कापून आणत. का, असं विचारल्यावर म्हातारे एका ओळीत सांगत: दुःखातून संताप येतो, तो कुठेतरी टाकावा लागतो. रोझाल्डोंना हे उत्तर फारच तोकडं वाटलं. ते कितीतरी वर्षं त्यामागचं काहीतरी खोल कारण शोधत राहिले. १९८१ मध्ये त्याच देशात काम करताना त्यांची पत्नी मिशेल, तीही मानववंशशास्त्रज्ञ, कड्यावरून पडून गेली. तिच्या मृतदेहाजवळ उभं असताना आपल्याला प्रचंड राग आला होता, असं त्यांनी पुढे लिहिलं. म्हाताऱ्यांनी सांगितलेलं अक्षरशः तसंच होतं. मला या हकिकतीत मुंडक्यांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. लोक सांगत होते. ऐकणाऱ्याला ते पुरेसं वाटत नव्हतं.

आता आजोबा.

मुलगी म्हणते, "आमच्याकडे असं सांगत नाहीत." तुमच्या रुग्णालयाचा नियम म्हणत असेल, पेशंटला सगळं कळण्याचा हक्क आहे. दोघांनाही आपलंच म्हणणं सनातन वाटतंय, आणि तसं ते नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांना विचारलं होतं, कॅन्सरच्या पेशंटला निदान सांगाल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्के म्हणाले, शक्यतो नाही. तीच प्रश्नावली १९७९ मध्ये पुन्हा फिरवली तेव्हा ९७ टक्के म्हणाले, सांगू. अठरा वर्षांत वारं पूर्ण फिरलं. जपानचे सम्राट हिरोहितो ७ जानेवारी १९८९ रोजी गेले. त्यांना कॅन्सर होता हे जनतेला नंतर कळलं, आणि त्यांना स्वतःला ते सांगितलेलंच नव्हतं. तेव्हा तिथे ही सर्वसाधारण रीत होती. आज जपानी डॉक्टरही बहुधा सांगतात.

मुलीचं म्हणणं मात्र तुम्ही तुच्छ लेखू नका. अमेरिकेत नावाहो आदिवासींशी बोलून १९९५ मध्ये एक अभ्यास झाला. त्यांच्या मते वाईट बोललं की ते ओढवून घेतल्यासारखं होतं. डॉक्टर ऑपरेशनआधी जोखमींची यादी वाचायला लागला की त्यांना ते इजा करण्यासारखं वाटतं. अशा माणसाला हक्काच्या नावाखाली सगळं स्पष्ट ऐकवणं ही त्याची सेवा नव्हे. पण त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये वेगवेगळ्या चार समाजांतल्या ८०० वृद्धांना विचारलं की पसरलेल्या कॅन्सरचं निदान पेशंटला सांगावं का. गोऱ्यांपैकी ८७ टक्के, कृष्णवर्णीयांपैकी ८८ टक्के, मेक्सिकन वंशाच्यांपैकी ६५ टक्के आणि कोरियन वंशाच्यांपैकी ४७ टक्के 'हो' म्हणाले. समाजासमाजांत फरक मोठा आहे, मान्य. पण ते ४७ पुन्हा वाचा. 'आमच्याकडे सांगत नाहीत' असं ज्या समाजाबद्दल छातीठोकपणे म्हणता आलं असतं, त्यातलेही जवळजवळ निम्मे म्हातारे सांगावं म्हणतात. आणि गोऱ्यांतही शंभरातले तेरा जण 'हो' म्हणणाऱ्यांत नाहीत. तुमचे आजोबा कुठल्या बाजूचे, हे त्यांच्या पासपोर्टवरून कळणार नाही. मुलीलाही कदाचित माहीत नाही. माहीत असणारा माणूस एकच आहे, आणि तो रात्री दोन वाजता जागा असतो.

तेव्हा आधी मुलीशी बोला, पण दिवसा, बसून, डॉक्टरांना सोबत घेऊन. तिला वाद घालून पटवायला जाऊ नका. विचारा, "बाबांना कळलं तर काय होईल अशी भीती वाटते?" बहुतेक वेळा उत्तर येतं, ते हाय खातील, खाणंपिणं सोडतील. ही भीती खोटी नाही. मग तिला स्पष्ट शब्द द्या: "मी आपण होऊन त्यांना काही सांगणार नाही. पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. त्यांना किती कळायला हवंय ते आम्ही त्यांनाच विचारू." यावर भांडणारी मुलगी क्वचितच भेटते. मनातून ती एकटीने हे ओझं उचलून थकलेली असते.

आणि मग त्यांना विचारा. माहिती समोर ठेवायची, घ्यायची की नाही ते त्यांच्यावर सोडायचं. वाईट बातमी सांगण्याच्या ज्या पद्धती डॉक्टरांना शिकवतात त्यांत ही एक ठरलेली पायरीच आहे. "आजाराबद्दल काही नवीन कळलं तर तुम्हाला सगळं सांगितलेलं आवडेल, की मुलीशी बोलू?" एवढंच. सरळ विचारणं जड जाईल असं वाटलं तर दुसऱ्यांच्या नावाने विचारा: "काही पेशंटना सगळं जाणून घ्यायचं असतं, काहींना वाटतं घरच्यांनी बघावं. तुमचं कसं?" नावाहो लोकांशी बोलताना तिथले डॉक्टर अशीच तिऱ्हाइताची वाट धरतात. भाषा वेगळी असेल तर रुग्णालयाचा दुभाषी बोलवा. मुलीला किंवा नातवाला दुभाषी करू नका, आजोबांचं उत्तर तिथेच बदलेल. "मुलीला विचारा, ती बघेल" असं ते म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय. तो केस पेपरवर तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे उद्याची ड्यूटीवरची सिस्टर पुन्हा तेच विचारणार नाही.

राहिला रात्री दोनचा प्रश्न. "मी घरी जाईन ना?" याला 'हो' म्हणू नका आणि 'नाही' म्हणायचीही घाई करू नका. खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "घरी काय करायचंय तुम्हाला?" अशा वेळी एखाद्याला मालमत्तेचे कागद करायचे असतात. एखाद्याला भावाशी तुटलेलं बोलणं जोडायचं असतं, एखाद्याला फक्त स्वतःच्या पलंगावर झोपायचं असतं. यांतलं बरंच काही घरी न जाताही करता येतं, आणि खरोखर घरी जायचं असेल तर वेदनाशमनाची सोय लावून घरी नेताही येतं. ती चौकशी तुम्ही सकाळी करू शकता. ते म्हणाले, "मला माहितीये मी जाणार नाही," तर मान हलवा आणि ऐका. म्हाताऱ्या माणसांना बऱ्याचदा सगळं कळलेलं असतं, आणि मुलीला कळू नये म्हणून तेच लपवत असतात. ते जे सांगतील ते सकाळी डॉक्टरांच्या कानावर घाला. हे गुपित एकटीने सांभाळण्याची जबाबदारी तुमची नाही.

इन्चार्जबाईंना माझं नाव सांगून एक सुचवा. शरीराचे नियम तक्त्यात लिहून झाले की खाली धर्मांचे रकाने वाढवू नका, तीन प्रश्न छापा आणि ते दाखल होतानाच विचारा, शेवटच्या रात्री नव्हे. आजाराची माहिती कोणाला द्यायची? शेवटच्या वेळी जवळ कोण असायला हवं, आणि कोण नको? शरीराला कोणी हात लावायचा आणि किती लवकर न्यायचं? दाखल्यासाठी रात्री सही कोण करेल याची व्यवस्था मात्र पेशंटला विचारायची गोष्ट नाही. ती इन्चार्जबाईंनीच लावून द्यायची.